दर्याला दिलेला दिवा

“तेल कमी घाल रे सोनू,” दाऊदचाचा म्हणाले. “दिवा सोडायचाय, होळी नाही पेटवायची.”

“जानूचो ताप हातभर, आणि तेल चमचाभर? दर्या काय म्हणतलो?”

“दर्या तेल मोजत नाही. तो तुझ्यासारखा चिकट नाही.”

मागे गोणपाटावर पडलेला जानू धुरी तेवढ्या तापातही हसला. म्हणाला, “चाचा, खरा बोललास. ह्येच्या बापाशीन माझ्या बापाशीक अर्धो नारळ उसनो दिल्यान, तो अजून मागता.”

जानू आणि मी एकाच वाडीचे. मालवणच्या दक्षिणेला आमची वाडी. दोघेही ‘मेरी हॅलम’ नावाच्या इंग्रजी कोळसाबोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरच्या तोंडात कोळसा कोंबणारे. दाऊदचाचा हर्णैचे. ते आमचे सारंग, खलाशांचे मुकादम. खलाशी सगळे कोकणातले. वर गोरा कप्तान, खाली आम्ही, मध्ये चाचा.

बोट तेव्हा सांता वेरा नावाच्या बंदरात नांगरून होती. पृथ्वीच्या पार पलीकडे, उकडून काढणारा दर्या. बंदर एका जुन्या राज्याचं. त्यांच्या बावट्यावर किल्ला होता, म्हणून आम्ही त्यांना किल्लेवाले म्हणायचो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक पांढरीशुभ्र लढाऊ बोट उभी होती. ती दुसऱ्या देशाची, त्यांच्या बावट्यावर गरुड. ते गरुडवाले. ‘मैत्रीसाठी आलोय’ असं सांगून ती महिनाभर तोफा शहराकडे करून उभी होती. देशांची खरी नावं मी लिहीत नाही. नाव वाचलं की तुम्ही लगेच कुणाची तरी बाजू घ्याल, आणि मला तुमची बाजू नको आहे.

माणूस बोटीवर आजारी पडला की दर्याला दिवा सोडायचा, ही आमची रीत. दाऊदचाचा ख्वाजा खिजरचं नाव घेत, आम्ही दर्यादेवाचं. दिवा एकच असे. केळीच्या बुंध्याचा हातभर तराफा, त्यावर करवंटी, करवंटीत खोबरेल, फडक्याची वात. एवढंच.

बुंधा आणून दिला मातेओने. मातेओ तिथला होडीवाला, किल्लेवाल्यांचाच माणूस. आम्हाला किनाऱ्यावर नेई-आणी, पाणी, केळी, तंबाखू पोचवी. त्याने आपल्या परसातली केळ तोडून आणली आणि खुणेनं विचारलं, हे कशाला? चाचांनी जानूकडे बोट केलं, मग वर आभाळाकडे, मग पाण्याकडे. मातेओने डोक्यावरची टोपी काढली.

“दिवा,” मी करवंटीकडे दाखवून म्हणालो.

“दिवा,” तो म्हणाला. दोनतीनदा घोळवून म्हणाला, जीभ पोळल्यासारखा.

सूर्य बुडाला तेव्हा चाचांनी दोन्ही हातांनी तो तराफा पाण्यावर ठेवला. दिवा आधी रेंगाळला, मग त्या पांढऱ्या बोटीकडे निघाला. तिच्या कठड्याशी गरुडवाल्यांची पोरं उभी होती. ती बोटं दाखवून हसायला लागली, एकाने शीळ घातली. दिवा तिच्या पोटाजवळून गेला, ओहोटीच्या ओढीत वळला आणि मासळीच्या धक्क्याच्या दिशेने दूर दूर गेला. मी बघत होतो. तो पार लहान ठिपका झाला होता, पण जळत होता.

तेव्हा ती बोट फुटली.

आधी तळपायाला दणका बसला, आवाज मागाहून आला. लोखंडाचे तुकडे आमच्या डेकवर गारांसारखे पडले. एका तुकड्याला बूट अडकलेला होता आणि बुटात पाय होता. पाणी पेटलं. पाण्यात माणसं ओरडत होती, आणि ती ओरड कुठल्या बावट्याची आहे हे काही कळत नव्हतं.

आमच्या होड्या उतरायच्या आधी मातेओची होडी तिथे पोचली. जळत्या तेलात हात घालून तो माणसं ओढत होता. भरलेली होडी धक्क्याला रिकामी करायचा, पुन्हा यायचा. किती काढली, कुणी मोजली नाहीत. मोजायला हवी होती असं पुढे वाटलं, पण मोजून तरी काय झालं असतं!

ती बोट कशाने फुटली मला माहीत नाही. आजही नाही. माहीत असल्याचं सांगणारे शंभर लोक मला भेटलेत, त्यांतला एकही तिथे नव्हता.

पहाटे जानू गेला. चाचांनी त्याला कॅनव्हासमध्ये शिवायला घेतलं. अर्धं शिवून झालं असेल, तेवढ्यात शिडीखालून मातेओची हाक आली. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या, भुवया जळालेल्या. आणि त्या हातांवर, देवळातून तबक आणावं तसा, आमचा तराफा.

तो मासळीच्या धक्क्याच्या पायऱ्यांना लागला होता. करवंटी शाबूत, वात विझलेली. मातेओला वाटलं, आपल्या दोस्तांची देवाची वस्तू आहे, परत नेऊन द्यावी. आजारी माणसाला तेवढंच बरं वाटेल.

चाचा सुई टाकून उठले आणि असे मागे सरले, जणू कुणी साप दाखवला.

“वर घेऊ नको! सोनू, त्याला सांग, वर आणायचं नाही!”

दर्याला दिलेलं परत घ्यायचं नाही. परत आलेला दिवा बोटीवर चढला तर एका मढ्यामागून दुसरं निघतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. आणि इथे मढं समोरच होतं, अर्धं शिवलेलं. मीही दोन्ही हात हलवून ओरडलो, “नको! ने! ने!”

मातेओ खाली उभा. तराफा हातात. त्याला काही कळेना. मग कठड्याच्या गजांमधून त्याला कॅनव्हास दिसला. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. तो तराफा त्याने पाण्यात फेकून द्यायला हवा होता. पण आदल्या संध्याकाळी चाचांना दोन्ही हातांनी, जपून तो दिवा ठेवताना त्याने पाहिलं होतं. अशी वस्तू फेकायची कशी? त्याने ती होडीच्या नाळेत, पुढच्या टोकाशी ठेवली, तिच्यावर आपली टोपी झाकली आणि वल्ही मारत गेला.

धक्क्यावर किल्लेवाल्यांचे शिपाई आणि गरुडवाल्यांचे अधिकारी मिळून एकेक होडी तपासत होते. वाचलेल्या पोरांनी फुटण्याआधी जवळून गेलेल्या पेटत्या तराफ्याचं सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. टोपी उचलली गेली. आम्ही बोटीवरून बघत होतो. लांबून नुसतं दिसलं की चारजणांनी एकाला खाली पाडलंय.

बंदर बंद झालं. कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. फक्त टपालाची बोट यायची, आणि तिच्याबरोबर पेपर यायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. कप्तान वाचून झालेले खाली टाकायचा. बॉयलरचं काम सोडून आम्ही ते बघत बसायचो. तेवढं इंग्रजी मला तोवर येत होतं, आणि चित्राला इंग्रजी लागत नाही.

चित्रात तराफा दरवाजाएवढा होता. त्यावर दारूची पिंपं. मागे पाण्यात दातांत सुरा धरलेला माणूस पोहतोय. ते म्हणे मातेओ. त्याला पोहायला येत नव्हतं हे बंदरातलं कुत्रंसुद्धा जाणत होतं.

“ह्यां कोण काढता रे?” मी विचारलं.

“ज्याने बंदर पाहिलं नाही तो,” चाचा म्हणाले. “पाहिलेला कशाला काढील?”

पहिल्या दिवशीच्या पेपरात बोट ‘फुटली’ होती. चार दिवसांनी ती ‘फोडली’ झाली. आठवड्याने ‘त्यांनी फोडली’. मेलेल्या पोरांचे फोटो, त्यांच्या आयांचे फोटो. एका आईला विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? ती म्हणाली, मुलाचा देह. ते खाली बारीक अक्षरात. वर ठळक, ‘एका मातेची हाक: सूड!’ लढाईला जावं असं सुरुवातीला गरुडवाल्यांच्या सरकारलाही वाटत नव्हतं म्हणतात. पण रोज सकाळी चहाबरोबर पेपर येत होता.

किल्लेवाले भ्याले. म्हातारं राज्य, गंजक्या तोफा. त्यांनी जाहीर केलं, गुन्हेगार आम्ही धरलाय, आम्हीच त्याला शिक्षा देऊ.

दुसऱ्या दिवशी एक होडी आमच्या शिडीखाली आली. वल्ह्यावर बाई होती. मातेओची बायको, इनेस. नाव मागाहून कळलं. पहारेकऱ्यांची नजर चुकवून आली असावी, कारण ती सारखी मागे बघत होती. आमची भाषा तिला येत नव्हती, तिची आम्हाला. उभी राहिली, मान वर केली आणि ओरडली,

“दिवा!”

आम्ही कठड्याशी धावलो.

“दिवा! मातेओ, दिवा! दिवा!”

तुरुंगात नवऱ्याने तिला हा एक शब्द दिला होता. हा घेऊन जा, त्यांना कळेल. ती तो दगडासारखा आमच्यावर फेकत राहिली, पहाऱ्याची होडी येऊन तिला ओढून नेईपर्यंत.

चाचा कप्तानाकडे गेले. मी मागे.

कप्तान म्हणाला, “सारंग, तुम्हाला पगार बॉयलर पेटवायचा मिळतो. तोंड उघडायचा नाही.”

“साहेब, माणूस मरेल.”

“इथे हजारो मरणार आहेत. त्यात तुझा एक.”

चाचा बाहेर आले. पानाची पिंक दर्यात टाकली. “सोनू, होडी सोड. ह्याला विचारण्यापेक्षा बॉयलरला विचारलं असतं तर परवडलं असतं.” पहाऱ्याच्या होडीने अडवलं, पण ‘साक्ष द्यायचीय’ म्हटल्यावर धक्क्याला लागू दिलं.

किल्लेवाल्यांचा बंदराधिकारी म्हातारा होता, चष्मा लावलेला. त्याचा दुभाष्या इंग्रजी बोले, चाचा जहाजी इंग्रजी. चाचांनी सगळं सांगितलं. जानूचा ताप, केळीचा बुंधा, करवंटी. दिवा परत घेत नाहीत तेही. टेबलावर आमचा तराफा ठेवलेला होता, सील मारून. त्या मोठ्या टेबलावर तो किती लहान दिसत होता!

म्हाताऱ्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. मग चष्मा पुसत म्हणाला, “माझा तुमच्यावर विश्वास आहे. मी बोटीवर नोकरी केलीय. असे दिवे मी पूर्वेकडे पाहिलेत.”

“मग सोडा त्याला!”

“आणि मग कुणाला धरू?”

चाचांना वाटलं, दुभाष्याने चुकीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

“हा दिवा असेल तर गुन्हेगार नाही,” म्हातारा सावकाश म्हणाला. “गुन्हेगार नसेल तर ते म्हणतील, लपवलाय. आणि त्यांची पाच जहाजं उद्या इथे येतील. या गावात माझी नातवंडं आहेत. एक होडीवाला देऊन ती वाचत असतील, तर मी देईन.”

“वाचतील?” मी विचारलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, दुभाष्याला वगळून.

त्याने माझ्याकडे पाहिलं. घंटा वाजवून शिपायाला बोलावलं.

बाहेर पडलो तर पायरीवर हॉलिस बसलेला. गरुडवाल्यांच्या सगळ्यांत मोठ्या पेपराचा बातमीदार. पोरगेलासा, हसरा. त्यानेच आम्हाला हाक मारली. समोरच्या खाणावळीत नेऊन खुर्च्या दिल्या. गोऱ्या माणसाने आम्हाला खुर्ची दिली ती आयुष्यात पहिल्यांदा. थंड सरबत दिलं.

“तुमच्याकडे खरं आहे असं ऐकलं,” तो म्हणाला. “मला खरंच हवंय. बाकीच्यांना जाऊ द्या.”

चाचा मला म्हणाले, “ह्याचे डोळे बरे वाटतात.”

“माकाय तसांच वाटता,” मी म्हणालो.

सांगितलं. पुन्हा सगळं, जानूच्या बापाच्या अर्ध्या नारळापासून. तो भराभर लिहीत होता. अधूनमधून मान हलवून ‘बिचारा’ म्हणत होता. मातेओने जळत्या पाण्यातून तुमचीच पोरं काढली हे सांगताना चाचांचा आवाज फाटला. तो लिहायचा थांबला. खोटं नाही सांगत, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“दिवा करून दाखवाल? वाचकांना कळायला हवं, किती साधा असतो.”

आम्ही करून दाखवला. बाजारातून बुंधा आणला, करवंटी आणली. मी वात वळली. चाचांनी तराफा हातांवर घेतला, मी काडी ओढून वात पेटवली.

“असेच थांबा,” तो म्हणाला आणि त्याच्या माणसाने फोटो काढला.

परत येताना चाचा वल्ह्याच्या तालावर गुणगुणत होते. “सुटला समज,” ते म्हणाले. “एकदा छापून आलं की म्हाताऱ्यालाही सोडावं लागेल. छापलेल्या गोष्टीला मोठी माणसं भितात.”

ते खरं होतं. छापलेल्या गोष्टीला माणसं भितात.

पेपर आला तेव्हा आम्ही दोघं पहिल्या पानावर होतो. चाचांच्या हातांवर तराफा, माझ्या हातात पेटती काडी. खाली लिहिलं होतं, ‘किल्लेवाल्यांच्या भाडोत्री काळ्या माणसांची कबुली. अग्नितराफा कसा सोडला ते आमच्या प्रतिनिधीला करून दाखवले.’ आत एक रकाना भरून. जानू नव्हता. त्याचा ताप नव्हता. माणसं काढणारा मातेओ नव्हता. केळीचा बुंधा मात्र बरोब्बर होता, लांबी-रुंदीसकट. परत घ्यायचा नाही ही रीतही होती. तिचा अर्थ असा दिलेला, की पुरावा हाताशी ठेवायचा नाही अशी टोळीची शपथ.

चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “बरा आलाय. काय म्हणतात?”

मी वाचून दाखवलं. सगळं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही, म्हणून मीही थांबलो नाही.

“पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं रे,” ते म्हणाले.

“होतं, चाचा.”

“मग?”

त्याचं उत्तर मी आता सांगू शकतो. रडणारा आणि लिहिणारा एकच होता. रडून झाल्यावर त्याने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते लाखोंनी विकलं गेलं. त्याच्या हातून खरं छापलं गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला हाकललं असतं आणि दुसऱ्या कुणीतरी खोटं छापलं असतं. म्हणून मी त्याला माफ करावं असं एका शिकलेल्या माणसाने मला सांगितलं होतं. मी त्या माणसाच्या घरचं पाणी पीत नाही.

आम्हाला किल्लेवाल्यांनी धरलं नाही. आमच्या डोक्यावर इंग्रजाचा बावटा होता, त्याच्याशी आणखी एक भांडण त्यांना परवडणारं नव्हतं. बोटीला तासाभरात बंदर सोडायचा हुकूम आला. मातेओच्या डोक्यावर कुणाचाच बावटा नव्हता. स्वतःच्या देशाचासुद्धा नाही. आम्ही नांगर उचलत असताना किल्ल्याच्या भिंतीमागून गोळ्यांचा आवाज आला, एकदम, सगळ्या बंदुका मिळून. मग एक एकटी.

चाचा नांगराच्या साखळीवर हात ठेवून उभे होते. तो हात त्यांनी तिथून काढलाच नाही. साखळीबरोबर तो आत ओढला जाणार होता, मी त्यांना हिसकून बाजूला केलं.

पुढच्या आठवड्यात गरुडवाल्यांनी लढाई पुकारली. किल्लेवाल्यांनी होडीवाला मारून दाखवला, तर पेपरवाले म्हणाले, बघा, साक्षीदाराचं तोंड बंद केलं! सांता वेरावर पहिल्याच दिवशी तोफा चालल्या. धक्का, बाजार, चर्च, सगळं गेलं. म्हाताऱ्याच्या नातवंडांचं काय झालं ते कुठे छापून आलं नाही. इनेसचंही नाही.

चाचा मुंबईला उतरले आणि पुन्हा बोटीवर चढले नाहीत. मी गावी आलो. जानूच्या बापाला सांगायचं होतं, ते सांगितलं. संध्याकाळी बाजारात गेलो. तात्या गवंडळकराच्या दुकानाच्या पायरीवर नेहमीचं टोळकं बसलं होतं आणि तात्या पेपर मोठ्याने वाचत होता. आमच्या भाषेतला पेपर. महिनाभर उशिरा पोचलेली बातमी, इंग्रजीतून उचललेली. दुष्ट किल्लेवाले, शूर गरुडवाले, आणि अग्नितराफा सोडणारे ते काळे नराधम.

“भडव्यांका उलटे टांगूक व्हये होते,” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या वाडीची माणसं. दर साली दर्याला दिवे सोडणारी.

“अरे सोनू!” तात्याला मी दिसलो. “तू थंयच होतंस मा रे? त्या हरामखोरांका बघितलंस काय?”

“बघितलंय.”

“कसले होते?”

“तात्या, तो मीच. मी आणि आमचे सारंग. आमी जानूसाठी दिवो सोडलो होतो.”

मग हशा असा फुटला की समोरच्या न्हाव्याने वस्तरा थांबवून बघितलं.

“मेल्या, बोटीवर जावन थापा मारूक बरो शिकलंस!”

“थाप नाय. आईची शपथ. तो तराफो माझ्या ह्या हातांनी केललो.”

तात्याने हसता हसता डोळे पुसले आणि पेपर माझ्यापुढे धरला. बोटाने एक ओळ दाखवली.

“ह्यां वाच. किल्लेवाल्यांनी पुरावो बुजवूक त्या सगळ्यांका गोळ्यो घातल्यानी. एक पण जितो रवलो नाय.” त्याने पेपराची घडी केली. “तू जितो आसस. मगे तू तो कसो?”

मी म्हणालो, “पेपर खोटो आसा.”

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तात्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि दुकानातल्या पोरीला हाक मारली, “बाय, ह्येका पाणी दी गे. लांबसून इलो हा. डोक्यात ऊन गेलां दिसता.”